लाल नको, पांढरी द्या

थंडी पडली की सुरतेत पोंक येतो. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा. आमच्या खानदेशात तो शेताच्या बांधावर आगटी पेटवून खातात. इथे पाल ठोकून, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर तोलून विकतात. दरवर्षी मी घेते, आणि दरवर्षी घेण्याआधी मूठभर हातावर घेऊन नाकाशी नेते. विकणारा हसतो. "ताजो छे, बेन," म्हणतो. ताजा आहे असं जो आपणहून सांगतो, त्याच्याकडचा तर मी दोनदा हुंगते. मुलांना माझ्या या सवयीची लाज वाटते. त्यांच्या मते मी जन्मजात संशयी आहे. जन्मजात नाही, एवढंच माझं म्हणणं. मी संशयी झाले ती एका हिवाळ्यात, आणि तो हिवाळा अजून दरवर्षी पोंकाबरोबर माझ्याकडे येतो.

यंदा तो जरा लवकर आला, तोही मोबाईलमधून. कोसाडला आमच्या वसाहतीच्या तोंडाशी गटाराचं झाकण फुटलंय. मुलाने मला फोनवर तक्रार करायला शिकवलं. फोटो काढायचा, जागा दाखवायची, आणि मग फोन विचारतो, काम तातडीचं की साधारण? माझा अंगठा तिथेच अडला. मुलगा म्हणाला, "आई, दाब ना तातडीचं. कुणाचा तरी पाय जाईल त्यात." मी 'साधारण' दाबलं. त्याने कपाळावर हात मारला. काही दिवसांनी उत्तर आलं, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. झाकण फुटलेलंच होतं. कुणीतरी भल्या माणसाने त्यात झाडाची फांदी खोचून ठेवली होती, तेवढीच काय ती प्रगती.

'साधारण' का दाबलं, हे मुलाला सांगायचं तर फार मागे जावं लागलं असतं. तो ऐकत बसला नसता. इथे सांगते.

तेव्हा आम्ही नवागामला राहत होतो. समोरासमोर खोल्यांच्या रांगा, मधून गल्ली, प्रत्येक खोलीपुढे एक ओटा, आणि मागच्या शेडमधल्या यंत्रमागांची खडखड. ती खडखड थांबली की लहान मुलं झोपेतून जागी व्हायची, इतकी ती सवयीची. आबा, म्हणजे माझे वडील, पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये होते. त्यांच्या नखांत कधी निळा, कधी गुलाबी रंग असे, आणि आज बाजारात कोणती साडी चालली आहे हे आम्हाला त्यांच्या हातांवरून कळे. माझा थोरला भाऊ, सुभाषभाऊ, मागावर. मी बारावीला गणितात आपटले होते आणि घरी बसून साड्यांचे मागचे धागे कापायचं काम करत होते. त्याच वर्षी वहिनी आली, शिंदखेड्याकडची. आल्या आल्या तिने कात्री हातात घेतली आणि माझ्यापेक्षा भरभर धागे कापायला लागली. मला ती आवडली नाही.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर एक हिवाळा गेला होता, हा दुसरा. प्लेगच्या वेळी आमची सगळी गल्ली तोंडाला रुमाल बांधून गावाकडे पळाली होती आणि पुढे हळूहळू, एकेक कुटुंब, परत आली होती. परत येऊन पाहतो तर शहराला काहीतरी झालेलं. सकाळी सकाळी झाडू फिरतायत, गटारांत पांढरी पावडर पडतेय, कचऱ्याचे ढीग दिसेनासे झालेत. लोक म्हणायचे, सुरत सुधारली. आमच्या गल्लीला मात्र ते सुख सोसवेना. आबा ओट्यावर बसून बिडी पेटवत आणि म्हणत, "इतला वरीस कोन्ही इचारं नही, आते कसाले इचारतस?" याला गल्लीत कुणाकडेच उत्तर नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच ते पटलं होतं.

विचारणारा माणूस एकच होता, महापालिकेचा. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. गल्लीच्या तोंडाशी टेबल-खुर्ची मांडून बसायचा आणि येईल त्याची तक्रार लिहून घ्यायचा. दिवा बंद, गटार तुंबलं, पाणी येत नाही, कुत्रं मेलंय, काहीही. लिहून झालं की एक चिठ्ठी फाडून हातात द्यायचा. काम तातडीचं असेल तर लाल. माणसं दुसऱ्या दिवशी हजर. थांबण्यासारखं असेल तर पांढरी, आठवड्यात कधीतरी. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. तो चिठ्ठीवाला.

आता या व्यवस्थेत संशय घेण्यासारखं काय होतं, असं आज कुणीही म्हणेल. पण लाल रंग आमच्या ओळखीचा होता. मागावरून उतरलेला कापडाचा ताका तपासायला जातो, तिथे खराबी सापडली की तपासणारा किनारीला लाल दोरा बांधतो. तो दोरा दिसला की कारागिराने समजायचं, आज शेठसमोर मान खाली घालून उभं राहायचंय. दुसरं म्हणजे त्याच वर्षी हमरस्ता रुंद होत होता. तिथल्या ओट्यांवर, टपऱ्यांवर तांबड्या रंगाच्या फुल्या मारून गेले होते, आणि फुलीमागोमाग हातोडे आले होते. म्हणजे मिलमध्ये लाल, रस्त्यावर लाल, आणि आता हा माणूस हसऱ्या तोंडाने लाल चिठ्ठी हातात देतो. मायने घरात बजावून ठेवलं, "ते लाल कागद घरमा आनू नका."

गल्लीने मग आपली रीत काढली. पहिल्या तक्रारी गेल्या त्या सगळ्या गावाकडे गेलेल्या माणसांच्या नावाने. खांबावरचा दिवा बंद होता, तो भिकनच्या नावावर लावला, आणि भिकन तर दिवाळीपासून धुळ्याला शेती करत होता. शिडी घेऊन दोघे आले आणि विचारू लागले, "भिकनभाई कोण?" गल्ली म्हणाली, इथे असा कुणी राहत नाही. ते शिडी घेऊन परत गेले. त्या दिवशी संध्याकाळी अंधारात बसून लोक खुशीत सांगत होते, बघा, कसे नाव विचारत आले होते! दिवा बंदच राहिला, पण आपण फसलो नाही याचं समाधान सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते मात्र अंधारामुळे दिसत नव्हतं.

कुणाची तक्रार खरोखरच निकडीची निघाली आणि चिठ्ठीवाल्याचा हात लाल गठ्ठ्याकडे गेला, की समोरचा माणूस हात जोडायचा. लाल नको, पांढरी द्या. चिठ्ठीवाला चक्रावून जायचा. "अरे भाई, लाल एटले जल्दी काम थाय! जल्दी नथी जोईतुं?" नाही, आम्हाला जल्दी नको होती. त्याच्या हिशेबात जे पहिलं होतं ते आमच्या हिशेबात धोक्याचं होतं. बाजूच्या गल्ल्या लाल चिठ्ठ्या घेऊन गटारं साफ करून घेत होत्या, आणि आम्ही पांढऱ्या चिठ्ठ्या देवाच्या फोटोमागे खोचून ठेवत होतो.

पाण्याला वास यायला लागला तो याच दिवसांत. आधी नुसताच शिळा वास, मग सरळ गटाराचा. पाण्याबद्दल कुणी मोठ्याने बोलेना, कारण गल्लीतले निम्मे नळ भूतिया. सुरतेत चोरून जोडलेल्या नळाला भूतिया म्हणतात. कागदावर तो नसतो, घरात असतो. आमच्याही घरात होता. प्लेगच्या वेळी सगळ्यांच्या आधी सुभाषभाऊ परत आला होता, आणि बाकी आम्ही आलो तेव्हा मोरीत नळ लागलेला होता. माय इतकी हरखली की तो कुठून आणला हे कुणी विचारलंच नाही. पाण्याची तक्रार करायची म्हणजे जमीन उकरायला बोलवायचं, आणि जमीन उकरली की सगळ्यांची भुतं बाहेर.

तोंड बंद ठेवून लोक डोळ्यांनी मात्र बोलत होते, आणि सगळे डोळे शेवंतामावशीच्या ओट्याकडे वळत होते. मावशी परभणीकडची, विधवा. मागावरची एकटी पोरं तिच्याकडे जेवायची. तिचा ओटा गल्लीत सर्वांत लांब-रुंद. त्यावर एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला भांडी घासायची जागा, मधे पंगत. तो ओटा म्हणजेच तिची खानावळ, तिचा सगळा संसार. तो गटाराच्या चेंबरवर बांधलेला होता आणि पाण्याचा पाईपही त्याखालूनच जात होता. तिच्या नवऱ्याने रीतसर अर्ज करून घेतलेला नळ तिच्या दारात होता. पण खरकटं, राख, तेलकट पाणी सगळं तिथेच जातं, मग पाणी नासणार नाही तर काय होईल, असं गल्लीने मनाशी ठरवून टाकलं. तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही. तिच्याकडची भाजी मात्र बायकांनी घ्यायची बंद केली.

वहिनीला तेव्हा सहावा महिना होता. ती पाणी पीत नव्हती. चहा प्यायची, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि माय पाणी पुढे करायची तेव्हा म्हणायची, "माले चहाच बरा वाटस." मला वाटे, काय हा तोरा! हिच्या माहेरी विहिरीचं पाणी, म्हणून आमच्या घरचं हिला गोड लागत नाही. मी तिच्यावर नजर ठेवली. एकदा ती मोरीत तांब्या घेऊन उभी होती. तिने पाणी नाकाशी नेलं, तोंडाशी नेलं, परत नाकाशी नेलं, आणि हळूच ओतून दिलं. तिचे ओठ सुकून फाटले होते. त्या दिवसापासून मीही पाणी हुंगायला लागले.

मग मावशीकडे जेवणाऱ्या पोरांपैकी दोघांना कावीळ झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला तपासताना मायला बाजूला घेऊन सांगितलं, या दिवसांत हिला कावीळ झाली तर आई आणि बाळ दोघांचं कठीण आहे, पाणी उकळूनच द्या. उकळायला रॉकेल कुठलं आणायचं? रांगेत उभं राहून मिळायचं ते चहा-भाकरीलाच पुरत नव्हतं. मायने आबांच्या मागे धोशा लावला, आणि शेवटी आबा चिठ्ठीवाल्याकडे गेले. मी त्यांच्याबरोबर होते. पाण्याला वास येतो म्हटल्यावर चिठ्ठीवाला ताठ बसला. "पाणीमां गंध? आ तो लाल ज." त्याने लाल चिठ्ठी फाडायला घेतली, आणि आबांनी, घरात पोटुशी सून असलेल्या माझ्या आबांनी, हात जोडले.

"लाल नको, साहेब. पांढरीच द्या. आम्ही गरीब मानसं."

मागे रांग होती. तो वैतागला आणि त्याने पांढरी फाडून दिली. आबा घरी आले ते एखादं संकट टाळल्यासारखे. पांढरी देवामागे गेली. रोज आम्ही वाट पाहत होतो, आणि रोज दुसऱ्या गल्ल्यांच्या लाल चिठ्ठ्या आमच्या पुढे जात होत्या. यात चिठ्ठीवाल्याचं काही चुकलं नाही. आम्ही मागे उभे राहू असं आम्हीच म्हटलं होतं.

मला आज मोठे लोक सभेत सांगतात, नागरिकांनी समस्यांचा अग्रक्रम ठरवावा. ठरवावा खरा. पण ठरवताना कोण बोलतं आणि कोणाचा घसा कोरडा असतो, ही दोन माणसं बहुतेक वेळा वेगळी असतात.

त्या सकाळी गल्लीत पोंकाची पाटी घेऊन बाई आली होती, ती अजून दिसते मला. बायका तिच्याभोवती जमल्या होत्या. वहिनी घरातून निघाली. डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत, हातात ती पांढरी चिठ्ठी. कुणाला कळायच्या आत ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली. गल्लीत नव्या सुनेने परक्या पुरुषाशी बोलायची पद्धत नव्हती. बायकांचे हात पोंकाच्या पाटीवरच थांबले; मागांची खडखड तेवढी चालू होती.

"भाऊ, हाई पांढरी परत ल्या. माले लाल द्या. पानीले गटारना वास येस."

सुभाषभाऊ ओट्यावर दात घासत होता. तो तसाच धावला. "तू घरमा चाल," म्हणाला. ती हलली नाही. चिठ्ठीवाल्याने तिच्या पोटाकडे पाहिलं, मान खाली घातली आणि नाव-नंबर विचारून लाल चिठ्ठी लिहिली. तिने आमचाच खोली नंबर दिला, आणि नावही खरं.

शेवंतामावशी आपल्या ओट्यावरून उठून आली. "माझा वटा फोडायला लावती व्हय गं? तुला काय केलं म्या?"

"तुम्हनाकडे जेवनारा पोरे बी पिवया पडनात, मावशी," वहिनी एवढंच म्हणाली. मावशीने कडाकड बोटं मोडली आणि आमच्या घराला अशा काही शिव्या दिल्या की पोंकवाली पाटी उचलून चालती झाली. मला तेव्हा वहिनीचा राग आला. आता गल्ली आपल्याशी बोलणार नाही, माझं लग्न कोण जमवणार, असले विचार माझ्या डोक्यात होते.

माणसं दुसऱ्या दिवशी खरंच आली, कुदळी आणि पहारी घेऊन. चिठ्ठीवालाही आला. मावशी ओट्यावर मधोमध बसून होती. कुणी तिच्या अंगाला हात लावला नाही. चिठ्ठीवाला तिच्यासमोर उकिडवा बसून बराच वेळ हळू आवाजात बोलला, मग ती आपणच उठली आणि चुलीतले निखारे घमेल्यात भरून बाजूला झाली. ओटा फुटला. फरशीचा एकेक तुकडा निघत होता आणि गल्लीतल्या चेहऱ्यांवर आता मावशीचं काय ते बाहेर येणार, असा भाव होता. माझ्याही चेहऱ्यावर तोच असणार.

बाहेर आलं ते दुसरंच. मावशीच्या चेंबरला तडासुद्धा नव्हता. खालच्या मोठ्या पाईपला कुणीतरी भोक पाडून रबरी नळी बसवली होती, आणि ती नळी गल्लीच्या उघड्या गटारातल्या घाणीतून पलीकडे जात होती. तिथला सांधा सुटला होता. पाणी बंद झालं की गटार त्यातून पाईपात ओढलं जात होतं आणि सगळ्या गल्लीला मिळत होतं. सांध्यावर मागाच्या रुळावरची जुनी हिरवी रबरी पट्टी करकचून गुंडाळलेली होती.

ती पट्टी मी ओळखली. तशीच पट्टी आमच्या बादलीच्या कडीला होती, खाटेच्या पायाला होती, आबांच्या सायकलच्या सीटला होती. सुभाषभाऊ घरातलं मोडलेलं सगळं त्याच पट्टीने, तशाच गाठीने बांधायचा. मी मायकडे पाहिलं. माय जमिनीकडे पाहत होती. आबांनी बिडी काढली आणि पेटवलीच नाही. आबांना आधीपासून माहीत होतं का, म्हणून पांढरी मागितली का, हा संशय मला आजही आहे. ते गेले, पण मी कधी विचारलं नाही.

"आ कोनुं छे?" चिठ्ठीवाल्याने विचारलं. कोणाचं आहे? सुभाषभाऊ मागे मागे सरकत होता.

वहिनी पुढे झाली. "हाऊ नळ आमना शे," म्हणाली.

त्या माणसांनी आमची नळी कापली, पाईपचा नवा तुकडा घातला, खड्डा बुजवला आणि ती निघून गेली. सुभाषभाऊ कितीतरी दिवस वहिनीशी बोलला नाही. गल्लीने तिला घरबुडवी ठरवलं, आणि त्याच गल्लीने पुढे लाल चिठ्ठ्या मागायला सुरुवात केली. मावशीला ओटा परत बांधायला होळी उजाडली. त्या दिवसानंतर आमच्या घरातल्या कुणाशीही ती कधी बोलली नाही. माझ्या लग्नालाही आली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. वहिनीला त्या उन्हाळ्यात मुलगी झाली, धडधाकट, काळीसावळी, भरपूर रडणारी.

पण मला सांगायचंय ते ओटा फुटला त्याच दिवशी संध्याकाळचं. पाणी सुटायची वेळ झाली होती आणि आमचा नळ कोरडा होता. कोपऱ्यावरच्या नळाला ही झुंबड. वहिनी हंडा घेऊन निघाली ती सरळ शेवंतामावशीच्या दारात. फुटक्या फरशांच्या ढिगात मावशीने दोन विटांवर भात टाकला होता. मी आमच्या दाराआड उभी होते. आता ही बाई जळतं लाकूड फेकून मारणार, अशी माझी खात्री होती.

"कामून आली?" मावशी म्हणाली.

"पानी जोयजे, मावशी."

मावशीने नळ सोडला. आधीचं गढूळ पाणी वाहू दिलं, बराच वेळ वाहू दिलं. मग पेला भरला आणि उजेडाकडे धरून पाहिला. नाकाशी नेला. आणि वहिनी हात पुढे करणार तेवढ्यात तो पेला मावशीने आपल्याच तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला.

"थांब जरा," ती म्हणाली.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. भात शिजत होता. मावशीने ओठांवरून जीभ फिरवली, पोटावर हात ठेवला, मग तोच पेला विसळून काठोकाठ भरला आणि वहिनीच्या हातात दिला.

"पी आता, माय. बरं हाय."

वहिनीने पदर मागे सारला आणि पाणी प्यायली. गल्लीच्या अलीकडून मला तिच्या घशाचा आवाज ऐकू येत होता. पेला संपवून तिने तो पुढे केला, मावशीने भरला, आणि तिने परत पुढे केला.